शनिवारी डावीकडे वळणारी खुर्ची

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात मी, माझी पत्नी शोभा आणि माझी विजेवर चालणारी खुर्ची नांदेडहून लातूर, तिथून उदगीर आणि परत नांदेड असे दोन दिवस फिरलो. गाडीच्या आकड्याप्रमाणे तीनशे नऊ किलोमीटर झाले. सोबत वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन होते. पाहण्यासारखं म्हणावं असं आम्ही काहीच पाहिलं नाही, उदगीरचा किल्लासुद्धा लांबूनच. तरी लिहितो आहे, कारण परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "खुर्चीचं काय झालं?" आणि तोंडी सांगताना माझ्याकडून दरवेळी एखादी गोष्ट गळते.

आधी खुर्चीबद्दल सांगतो. सहा वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात माझं कमरेखालचं अंग गेलं. चार वर्षं खाटेवर आणि दुसऱ्यांच्या हातांवर काढली. मग लातूरच्या मधुकर मिस्त्रींकडून ही वापरलेली खुर्ची मिळाली. खाली बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, मागच्या चाकांना दोन मोटारी, उजव्या हाताशी एक आखूड दांडी. दांडी कलेल तिकडे खुर्ची जाते. सोडली की 'टक्' आवाज होऊन ब्रेक लागतो. घर ते कचेरी एक किलोमीटर चारशे मीटर मी एकटा जाऊ लागलो. कचेरीत माझ्याकडे पावसाची नोंदवही आहे. त्या दोन वर्षांत तिच्यात बहुतेक शून्यंच लिहिली. खुर्चीचीही वही ठेवली: रोज संध्याकाळी बॅटरीचे व्होल्ट, महिन्याला चाकांची हवा, सहा महिन्यांनी मोटारीतल्या कार्बनच्या कांड्यांची झीज.

खुर्ची आधी उदगीरच्या रेखा नावाच्या मुलीची होती. ती वारली आणि घरच्यांनी खुर्ची मिस्त्रींकडे दिली. हे मलाही ठाऊक होतं, शोभालाही. दीड वर्ष त्याचं कोणालाच काही वाटलं नाही.

मग पोळ्यानंतरच्या एका बुधवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, मी अंगणात पेपर वाचत असताना खुर्चीचा ब्रेक 'टक्' करून सुटला. खुर्ची डावीकडे वळली आणि दीड हात पुढे जाऊन थांबली. माझे दोन्ही हात पेपरला होते. शोभा दारात तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "कुठं निघालात?" मी म्हणालो, "कुठंच नाही."

पुढच्या सात-आठ महिन्यांत अशा एकूण सतरा नोंदी झाल्या. दरवेळी डावीकडेच. एकदा तर मी खाटेवर होतो आणि खुर्ची समोरच्या भिंतीला लावलेली. बटन मी स्वतः बंद केलं होतं. आमच्या देखत हिरवा दिवा लागला, खुर्ची हळूहळू वळली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. शेवटची नोंद रेल्वे फाटकाच्या उतारावरची. तिथे ती मला घेऊन वाळूच्या ट्रकसमोर गेली. ट्रक थांबला तेव्हा मधलं अंतर दोन फूट होतं. ते मी नंतर मोजून घेतलं.

घरी आल्यावर शोभा म्हणाली, "एक तं ती नीट होईल, न्हाई तं परत घरात येणार न्हाई. मला खुर्चीपरीस तुम्ही पायजेत."

खुर्ची घरात आली नाही तर मी पुन्हा खाटेवर. ते तिलाही कळत होतं.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नव्हती. वहीतले वार मांडून पाहिले तर सतरापैकी तेरा नोंदी शनिवार-रविवारच्या निघाल्या. आम्ही बौद्ध. छप्पन साली माझ्या वडिलांनी घरातले देव काढले. तेव्हापासून आमच्याकडे शनीही नाही आणि अमावस्याही नाही. पण तेरा हा आकडा काही मी तयार केला नव्हता. तो माझ्याच अक्षरात समोर होता.

लोह्याच्या पुढे

सकाळी सहाला गाडीवाले खाजाभाई खुर्ची मिस्त्रींकडे न्यायला त्यांची पिकअप घेऊन आले. दोन फळ्या लावून खुर्ची मागे चढवली, चाकांखाली विटा दिल्या, चारी बाजूंनी दोर आवळले. बॅटरीची वायर मी स्वतः सोडवून घेतली. खाजाभाई म्हणाले, "अब हिला नेता आलं तर भुताला पण मानलं पाहिजे साहेब." शोभा हसली नाही.

लोह्यापर्यंत रस्ता ओळखीचा. पुढे मात्र रंग कमी होत गेले. जमीन, बांध, बाभळी, घरांच्या भिंती सगळं एकाच राखी रंगाचं. दोन गावं अशी लागली की जिथे बहुतेक दारांना कुलपं होती आणि कुत्रीसुद्धा नव्हती. लोकांनी जाताना कुत्री नेली की कुत्रीच आधी गेली, कोण सांगणार.

एका फाट्यावर खाजाभाईंनी गाडी थांबवली. रस्त्यावर घागरी होत्या. स्टीलच्या, प्लास्टिकच्या, पत्र्याच्या, एकीमागे एक, वळण घेऊन पार शाळेच्या भिंतीपर्यंत. मी दोनदा मोजल्या: एकशे एकोणचाळीस. आणि माणूस एकही नाही. टँकरची वाट बघायला लोक घागर ठेवून जातात, नंबर घागरीचा लागतो. नांदेडला चपला ठेवून नंबर लावलेला मी पाहिला आहे, पण चार-पाच जोड. हे निराळंच होतं. वारा सुटला की त्या सगळ्या तोंडांतून एकदम हूंऽ असा आवाज येई आणि वारा पडला की बंद होई.

खाजाभाई उतरले आणि रस्त्यावरची घागर दोन बोटांनी बाजूला सरकवू लागले.

"हात लावू नगंस!"

कोण बोललं ते दिसेना. खाजाभाईंनी हात मागे घेतला. मग मोरीच्या सिमेंटच्या पाइपातून एक म्हातारी सरपटत बाहेर आली. सावलीसाठी तिथे निजली होती.

"नंबर हाय त्यो माजा. कालपासून धरलाय."

"मावशी, नंबर नाही हलवून राहिलो. गाडीला वाट तर द्या."

"तुजी गाडी उडून जाऊ दे."

अखेर तिने स्वतः ती घागर वीतभर सरकवली, गाडी जाईल तेवढीच. आम्ही एक कॅन उघडून तिची घागर निम्मी भरली. तिने पदराने घागरीचं तोंड झाकलं, इकडेतिकडे पाहिलं आणि मग गाडीच्या मागे पाहिलं.

"त्या खुर्चीत कोण बसलंय?"

मी म्हणालो, "कोणी नाही आजी, रिकामी आहे."

"रिकामी? बसल्यावानी दबलीया की."

बैठकीचा फोम वर्षानुवर्षं वापरून दबलेला आहे, हे मी तिला आणि शोभाला समजावून सांगितलं. शोभाने काच वर केली.

अहमदपूरला सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा, खाल्ला. नांदेडलाही मिळतो, पण इथे चुरमुरे जास्त भिजवत नाहीत आणि शेंगदाण्याचा कूट सढळ हाताने घालतात. त्या वर्षी चुरमुरे भिजवायलाच पाणी कमी म्हणून तसा होता की मूळची पद्धत तशी, ते विचारलं नाही. कागदावर खायचं, कागद टाकायचा. हॉटेलवाल्याने पाटीच लावली होती: 'हात घरून धुऊन यावे.'

लातूर

साडेअकराला पोचलो. पाण्याच्या टाकीजवळ पोलीस उभे होते आणि लोक त्यांच्यापासून थोडे लांब, भांडी पायांत धरून. आवाज कोणाचाच नव्हता. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी फक्त मयताच्या दारात पाहिली आहे.

मधुकर मिस्त्रींचं दुकान मोटार-रिवाइंडिंगचं. साठीचे, जाड चष्म्याचे, बोलायला मोकळे.

"आता मोटारी येत न्हाईत साहेब. बोअरला पाणीच न्हाई, तर मोटार लोक कशाला बाहेर काढतील? माझं पोट आता कूलरवर आणि तुमच्या खुर्च्यांवर चालतं."

मी त्यांच्यापुढे वही ठेवली. त्यांनी वही बाजूला सारली आणि खुर्चीवर हात ठेवला, डॉक्टर ठेवतात तसा. मागचं चाक उचलून फिरवलं. मोटारीतले कार्बन काढून बोटांवर घेतले आणि म्हणाले, "चांगले हायत, वर्षभर जातील." बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर खरवडला. प्रत्येक बॅटरी वेगळी तपासली. एक बारा पूर्णांक सहा, दुसरी बारा पूर्णांक पाच. दोष नाही. ब्रेक दोन्ही बाजूंनी बरोबर. त्यांनी एकेक सुटा भाग वर्तमानपत्रावर मांडत नेला आणि एकेक संशय कमी होत गेला. मला बरं वाटायला हवं होतं. पण सगळंच ठीक निघत असेल तर खुर्ची कोण चालवत होतं?

शेवटी त्यांनी हाताखालचा डबा उघडला, ज्यात दांडी आणि बटनं असतात. त्याच्यावर हात टेकायची रेग्झिनची गादी आहे. गादीच्या खालच्या खोबणीत त्यांचा पेचकस अडला. त्यांनी चिमट्याने काहीतरी बाहेर ओढलं.

काळ्या फडक्याची लहानशी पुरचुंडी होती, ओली. सोडली तर आत चेपलेलं लिंबू, मिरचीची देठं आणि एक बिब्बा.

"ह्ये कंपनीचं न्हाई," मिस्त्री म्हणाले.

खाजाभाई मोठ्याने हसले आणि आमच्या तोंडांकडे बघून थांबले.

शोभा म्हणाली, "मी ठेवलं."

मी पुरचुंडीकडे पाहिलं. तीच बोलली.

"बावीस प्रतिज्ञा मलाबी पाठ हायत. तुम्ही बघाल म्हणून बाहेर टांगलं न्हाई, आत कोंबलं. शेजारच्या वहिनींनी सांगितलं, दर शनिवारी नवं घाला. सोमवारी-मंगळवारी माझी मलाच लाज वाटायची. शनिवार आला की भ्या वाटायचं."

"दर शनिवारी?"

"अन् अमावस्येला."

मिस्त्रींनी डब्याचं झाकण काढून आतली पट्टी उन्हात धरली. तांब्याच्या रेघांवर हिरवी बुरशी चढली होती आणि दांडीच्या डाव्या अंगाला पिवळट, चिकट ओघळ वाळला होता. ते म्हणाले, "लिंबाचा रस म्हंजी तेजाबच की. ताजं लिंबू दाबलं गेलं की ठिबकायचं. डाव्या बाजूला ओल गेली की खुर्चीला वाटायचं, दांडी डावीकडं केली. बटनात गेली की चालू व्हायची. वैनी, तुम्ही जेवढी दृष्ट काढली तेवढी ती पळाली."

मी वही पुन्हा उघडली. तेरा शनिवार-रविवारच्या. तीन अमावस्येच्या आणि तिच्या दुसऱ्या दिवशीच्या, पंचांग मिस्त्रींच्या भिंतीवरच होतं. झाल्या सोळा.

"पहिलं लिंबू कधी ठेवलंस?"

"ती पहिल्यांदा हलली ना, बुधवारी? त्याच्या नंतरच्या शनिवारी."

म्हणजे बुधवारी लिंबू नव्हतं.

मिस्त्री चष्मा पुसत म्हणाले, "एखादी बारी कोणतीबी मशीन करती साहेब. त्याला काय इचारता." एवढं बोलून त्यांनी स्पिरिट आणि दात घासायचा जुना ब्रश घेतला. सव्वादोन तास रेघ न् रेघ धुतली, बटन बदललं, डब्याला भोवती रबराचा पट्टा दिला. मी बसून दुकानासमोर वीस फेऱ्या मारल्या. खुर्ची सुतासारखी सरळ चालली. सोळा नोंदींपुढे मी कारण लिहिलं. पहिलीपुढे लिहिलं: माहीत नाही.

शोभाने ते वाचलं. मग म्हणाली, "मला तुम्हाला आणखी एक सांगायचंय. मी उदगीरला फोन केला होता. रेखाच्या आईला. खुर्ची तिथं परत ठेवायची म्हणून. त्यांना सांगितलं, ती आपोआप चालती. त्या म्हणाल्या, आजच आणा."

"आणि आता? दुरुस्त झाली की."

"सोळा वेळची झाली," ती म्हणाली. "त्या बाईला शब्द दिलाय. उद्या नेऊ. मग बघू."

लॉजवर माणशी एक बादली पाणी मिळालं आणि बादलीच्या आत तेलकट रंगाने खूण केलेली होती, तिथपर्यंतच. खुर्ची शोभाने खोलीत घेऊ दिली नाही. ती पिकअपवर दोरांत राहिली आणि मला खाजाभाईंनी पाठंगुळी वर नेलं. जिन्याला बावीस पायऱ्या होत्या. उद्यापासून हे रोजचं होणार की काय, हा विचार मी बाविसाव्या पायरीवर केला.

उदगीर

उदगीरात शिरताना एका नव्या दुकानाची पाटी दिसली. नाव, रस्ता, आणि खाली: जि. उदगीर. तो जिल्हा अजून झालेला नाही. मागणी आहे, होणार होणार म्हणतात. पेंटर शिडीवर होता. खाजाभाईंनी गाडी हळू करून विचारलं, "भाऊ, जिल्हा कधी झाला?"

"व्हईल की. परत परत रंग कोण दिल?"

पुढे आणखी दोन पाट्या तशाच. नसलेल्या जिल्ह्यातून आम्ही दुपारी सव्वातीनला भागीरथीबाईंच्या दारात पोचलो. म्हणजे रेखाच्या आई. पंचावन्नच्या आसपास, बारीक, पदर डोक्यावर. घर दोन खोल्यांचं, पुढे मातीचं मोठं अंगण. सडा घालायला पाणी नसल्यामुळे अंगणात पिठासारखी धूळ झाली होती. त्यांनी आधी पाणी दिलं, तांब्याभर, काठोकाठ. एवढं पाणी त्या वर्षी कोणी पाहुण्याला देत नव्हतं. आम्ही घोटघोट पिऊन ठेवलं.

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं नाही. नुसतं बोट दाखवलं. "तिथं ठेवा. लिंबाखाली. ती तिथंच बसायची. अन् चालू करून ठेवा."

मला खाजाभाईंनी ओसरीवर बसवलं. त्यांनी खुर्ची कडुनिंबाखाली लावून मी सांगितल्याप्रमाणे बटन दाबलं. हिरवा दिवा लागला. सगळे तिच्यापासून लांब आले.

शोभा हळूच म्हणाली, "मावशी, फोनवर बोलले ते खरं होतं. पण काल मिस्त्रीनं नीट केली. आता ती हलायची न्हाई."

"असू द्या अव्वा. बसू जरा."

आम्ही बसलो. झाडाला पानं थोडी होती, सावली जाळीसारखी. खुर्चीचा फोम दबलेला. मी घड्याळ पाहत होतो. पाच मिनिटं. वीस मिनिटं. खाजाभाईंनी विडीसुद्धा पेटवली नाही. मी जन्मभर अशा गोष्टी नाकारत आलो, पण खरं सांगायचं तर त्या वेळी ती जरा हलावी असं मला वाटत होतं आणि हलू नये असंही वाटत होतं. चाळीस मिनिटं झाली.

"न्हाई हालत," भागीरथीबाई म्हणाल्या. एसटी निघून गेल्यावर फाट्यावरची बाई म्हणते तशा.

शोभाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"आमच्यात माणूस गेलं की गेल्या जागी पीठ पसरतात," त्या शोभाला सांगू लागल्या. "वर टोपली पालथी घालतात. सकाळी उचलून बघायचं, कशाची पावलं उमटली. चिमणीची, गाईची. त्यावरून कळतं, कुठं गेलं ते. तुमच्यात हाय का?"

"न्हाई मावशी. आम्ही बौद्ध."

"रेखाच्या वक्ताला टोपली उचलली तर पीठ जसंच्या तसं. एक रेघ न्हाई. बाया म्हणल्या, तिला चालताच येत नव्हतं, पावलं कुठून उमटतील?"



थोड्या वेळाने त्या मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बसून दावा की चालवून."

खाजाभाईंनी मला खुर्चीत बसवलं. मी अंगणात एक मोठा फेरा घेतला, सावकाश, माझ्या सवयीप्रमाणे कडेकडेने. त्या आता पहिल्यांदाच खुर्चीकडे सरळ पाहत होत्या. फेरा पुरा होईपर्यंत त्यांची नजर हलली नाही.

"ती अशी न्हाई चालवायची," त्या म्हणाल्या. "ती लई जोरात. कोंबड्या उडायच्या." मग त्या शोभाकडे वळल्या. "घेऊन जा. ह्यात आता कोणी न्हाई. असती तं मी ठेवून घेतली असती."

शोभा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली. खाजाभाई मला उचलून पुढे बसवत होते तेवढ्यात तिने स्वतः दांडीला हात लावला. दोन वर्षांत तिने त्या दांडीला कधी हात लावला नव्हता, लिंबू ठेवतानासुद्धा. दांडी जोरात दाबली गेली, खुर्ची उसळली.

"हळू!" मी ओरडलो.

"मला दिसतंय," ती म्हणाली आणि दोन्ही चाकं फळ्यांवर नेमकी धरून खुर्ची वर चढवली. विटा दिल्या, दोर तिनेच आवळले. नांदेडला घरी गेल्यावर कुठे ठेवायची ते मला विचारलं नाही. "दाराशी जागा करू," एवढंच म्हणाली.

निरोप घेतला. त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी आमच्या बाटलीत ओतून दिलं.

गाडी वळताना मी आरशात पाहिलं. अंगणातल्या धुळीत चाकांच्या दोन रेघा लिंबापासून निघून गोल फिरून परत लिंबाशी आल्या होत्या. भागीरथीबाई त्यांच्यावर पाय न देता, कडेकडेने आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात टोपली होती. लिंबाखाली बसून त्यांनी जागा निवडली आणि टोपली चाकाच्या रेघेवर अलगद पालथी घातली.